सोप्यातलं भोकाचं पान

आमच्या घरात मुंगी मारायची नाही आणि बटाटा चिरायचा नाही, या दोन गोष्टी मला नीट चालता येण्याआधी कळल्या होत्या. पाणी गाळल्याशिवाय प्यायचं नाही, दिवस मावळल्यावर जेवायचं नाही, चुलीत लाकूड घालण्याआधी ते आपटून घ्यायचं, कारण आत कोण बसलंय हे आपल्याला माहीत नसतं. आम्ही जैन, आणि अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, शाहूपुरीत गुळाची अडत. आता ज्याच्या घरात गूळ त्याच्या घरात मुंगी येणार, आणि ज्याच्या घरात मुंगी मारत नाहीत तिथून ती जाईल कशाला? मुंग्या आमच्याकडं घरच्या माणसांसारख्या राहायच्या. डबा उघडायच्या आधी दोनदा वाजवायचा, अंथरूण टाकायच्या आधी जमीन हलक्या हातानं झाडायची. पाहुण्यांना हे बघून हसू यायचं. आम्हाला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे.

पुढं अडत आणि मागं घर. मधल्या सोप्यात अण्णांची गादी, तिथं गुऱ्हाळवाले शेतकरी येऊन बसायचे. सकाळी बस्तीतली, म्हणजे आमच्या देवळातली, घंटा वाजली की आई आडाचं पाणी काढायची, घागरीच्या तोंडावर दुहेरी फडकं धरून गाळायची, आणि फडक्यावर जे राहील ते थोड्या पाण्याबरोबर पुन्हा आडात हळू सोडायची, म्हणजे त्यातला जीव आपल्या जागी जाईल. मग अडतीत सौदा सुरू व्हायचा. हमाल गुळाचे रवे, म्हणजे मोठाल्या ढेपा, जमिनीवर ठेवायचे त्याचा धप्प धप्प आवाज, बोली बोलणाऱ्यांचा कालवा, मधेच अण्णांचं खाकरणं. गुळाचा वास कपड्यांना, केसांना, दारांच्या कड्यांनासुद्धा यायचा. संध्याकाळी साडेपाचला पानं मांडली जायची. आजऱ्याच्या तांदळाचा मऊ भात, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीची भाकरी आणि वर दूध. कांदा नाही, लसूण नाही. लोक म्हणतात अशा जेवणाला चव काय असणार. त्यांनी माझ्या आईच्या हातची आमटी खाल्लेली नव्हती.

घर चालवायची ती आत्ती. अण्णांची थोरली बहीण. लग्नानंतर चारच वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, ती कायमचीच. पांढरं लुगडं, हातात काही नाही, आवाज मात्र अडतीपर्यंत पोचणारा. अण्णांना गावात सगळे वचकून असत, आणि अण्णा आत्तीला वचकून असत. तिचा एक नेम होता. सकाळी बस्तीतून आली की मूठभर पीठ आणि साखर कालवून सोप्याच्या उंबऱ्याजवळ भिंतीच्या कडेला मुंग्यांसाठी टाकायची. ते टाकल्याशिवाय ती पाणी प्यायची नाही. ताप असला तरी उठून टाकायची.

माझं नाव राजमती, घरात राजी. चौथी झाल्यावर माझी शाळा बंद केली. मी रडले नाही. शाळा मला आवडत नव्हती आणि शाळेला मी. पण घरातही मी कुणाच्या फारशी कामाची नव्हते. माझ्या हातून वस्तू पडायच्या. कपबश्या, वाट्या, एकदा तर लोणच्याची अख्खी बरणी. भूपालदादा, माझा थोरला भाऊ, मला 'फोडकी' म्हणायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. आत्ती तर माझ्या हातात काच द्यायचीच नाही. बारा-तेरा वर्षांची पोर, शिक्षण नाही, हाताला वळण नाही. हिचं पुढं काय करायचं, असं माझ्यादेखत बोललं जायचं. मी ऐकत बसायची.

अशात एका उन्हाळ्यात वारणानगरहून मावशी आली. तिचा नवरा तिथं साखर कारखान्यात होता आणि ती कॉलनीत राहायची. साहेबांच्या बंगल्यातल्या माळ्यानं वेल छाटून बाहेर टाकली होती, त्यातला वीतभर तुकडा तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीतून आणला होता. तुकड्याला एक पान आणि एक तपकिरी मूळ, ओल्या सुतळीसारखं. "कुणाला पाहिजे?" मावशीनं विचारलं. आई म्हणाली, फूल येतं काय? मावशी म्हणाली, न्हाई. फळ? न्हाई. वास? न्हाई. "मग ते कशाला पाहिजे?" आत्ती म्हणाली. ज्याचा कुणाला उपयोग नाही ते माझ्याकडं आलं.

आमच्याकडं एक पितळी हंडा होता, बुडाला गळका. डाग लावून घ्यायचा म्हणून तो दोन वर्षं कोपऱ्यात पडला होता. मी तो घेतला. त्याला भोक पाडायला नको, जास्तीचं पाणी आपणच गळून जायचं. नदीकडची लाल माती, उसाचं कुजलेलं पाचट आणि शेणखत मी हातानं कालवलं आणि तुकडा त्यात लावला. पहिल्यांदा तो मी सोप्यात काचेच्या कौलाच्या बरोबर खाली ठेवला. आमच्या सोप्याच्या छपरात एकच काचेचं कौल होतं, त्यातून उन्हाचा चौकोन खाली पडायचा. मला वाटलं झाडाला ऊन हवंच. चार दिवसांत त्याचं एकुलतं एक पान कडेनं पापडासारखं वाळलं. तेव्हा मला कळलं की याला उजेड पाहिजे, ऊन नको. मग तो चौकोन दिवसभर कुठून कुठं सरकतो ते मी बघून ठेवलं आणि त्याच्यापासून हातभर लांब, चौरंगावर, हंडा मांडला. बोट मातीत दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच पाणी. पानं ओल्या फडक्यानं पुसायची, खालून हाताचा आधार देऊन. मला हे कुणी शिकवलं नाही.

पुढं आलेली चार-पाच पानं साधीच होती. बदामी आकाराची, हिरवी. भूपालदादा म्हणायचा, "राजी, तुझं झाड म्हणजे मोठ्ठं विड्याचं पान हाय. चुना आण, खाऊन टाकू." सहावं पान आलं ते सुरळी होऊन आलं आणि उलगडलं तर त्याला भोकं. कडा चिरलेल्या, मधे दोन्ही बाजूंना लांबट भोकं, जणू कुणी कात्रीनं नक्षी केली. आईनं ते बघून कपाळाला हात लावला, "अगं, किडीनं खाल्लं की हे." मी पान उजेडात धरून दाखवलं. भोकाच्या कडा गुळगुळीत होत्या. किडीनं खाल्लेली कड अशी नसते. ते तसंच होतं, जन्मतःच भोकाचं.

मग लोक बघायला यायला लागले. गल्लीतल्या बायका, अडतीत आलेले शेतकरी, वाण्याच्या दुकानातला नोकर. सगळे त्याला भोकाचं पान म्हणायचे. दोन वर्षांत ते माझ्या डोक्याच्या वर गेलं, पानं सुपाएवढी झाली, आणि नऊ पानं एका वेळी सोप्यात अशी पसरली की आत येणारा माणूस आधी त्यांच्याकडं बघायचा आणि मग अण्णांना नमस्कार करायचा. अण्णांनी चौरंगाला रंग दिला. कुणी विचारलं की म्हणायचे, "आमच्याकडचं हाय. असलं पंचक्रोशीत दुसरीकडं न्हाई." मी आत भाकऱ्या थापत ऐकायची. आमच्याकडचं म्हणजे कुणाकडचं, हे ते सांगायचे नाहीत आणि मीही विचारलं नाही.

आता माझ्या नातसुनेच्या फ्लॅटमध्ये हेच झाड आहे. ती त्याला मॉन्स्टेरा म्हणते. पाणी कधी घालायचं ते तिचा फोन तिला सांगतो. पानं चकचकीत करायला तिनं कसलातरी फवारा आणलाय. मी गेले की ओल्या फडक्यानं पुसते आणि ती पानं फवारलेल्यांपेक्षा चांगली दिसतात. तसं मी तिला सांगितलंही. तिला राग आला असेल, पण पुढच्या खेपेला फवारा दिसला नाही. या गावात जुन्या घरांतून जिथं जिथं हे झाड आहे, तिथलं बरंचसं माझ्या हातचं आहे, हे मी कुणालाही तोंडावर सांगू शकते.

तर तिसऱ्या पावसाळ्यातली गोष्ट. झाडाला आधार म्हणून मी एक उंच काठी रोवली होती आणि तिच्यावर पोत्याचं किलतान गुंडाळलं होतं. याच्या खोडातून जी मुळं हवेत येतात ती त्या ओल्या किलतानात शिरतात आणि झाड घट्ट धरतं. जुनं किलतान कुजलं म्हणून आषाढात मी अडतीतून नवं आणून गुंडाळलं आणि रोज त्यावर पाणी शिंपडू लागले. श्रावणात एक दिवस पानं पुसताना देठाच्या बेचक्यात पांढरं काही दिसलं. मला वाटलं कापूस उडून बसला. बोटानं काढायला गेले तर त्याला पाय होते.

आठवड्यात ते सगळीकडं झालं. पानांच्या खाली, शिरांच्या कडेनं, सुरळीच्या आत. पिठात लोळवल्यासारखे चपटे किडे, एकाला एक लागून. पानं चिकट झाली, दोन पिवळी पडली. शेजारी हौसाबाई राहायची, तंबाखू मळत मळतच ती आमच्या परसात यायची. तिनं बघितलं आणि म्हणाली, "पिठ्या ढेकूण हाय ह्यो. तंबाखू भिजव, ते पाणी मार. दोन दिसात साफ हुतंय."

"आमच्यात चालत न्हाई."

"तुज्या आत्तीला कळतंय कशाला? तिला चष्म्याबिगर भिंत दिसत न्हाई." तिनं चिमूटभर तंबाखू माझ्या हातावर ठेवली सुद्धा.

मी ती परत दिली. पण मी काही फार मोठी धर्मशील होते असं कुणी समजू नये. त्याच दुपारी सोप्यात कुणी नव्हतं तेव्हा मी एक किडा नखानं चिरडला, काय होतं ते बघायला. नखावर लालसर पाणी आलं. मी हात तीनदा धुतला आणि तरी संध्याकाळी त्या हातानं भात कालवला आणि पान तसंच पुढं सारलं. आई म्हणाली, काय गं, पोट दुखतंय काय? मी हो म्हणाले.

मग एक दिवस गादीवर बसलेल्या शेतकऱ्याच्या टोपीवर त्यातला एक पडला. टोपीवरून तो चालायला लागला आणि समोर बसलेल्या अण्णांना तो दिसला. शेतकरी गेल्यावर अण्णा उठून झाडाजवळ आले, पान उलटं करून बघितलं, आणि मला हाक मारली.

"हे कवापासनं?"

"पंधरा दिवस झाले."

"बोलली न्हाईस ती?"

मी उलटं केलेलं पान हळूच सरळ केलं.

"बारा दिवसांनी पंचमी. पर्व लागतंय. पावणं येणार, घरात पूजा हुणार. पंचमीच्या आदल्या दिवशी मी बघणार. एकबी जीव दिसला तर हंडा परसात जाणार."

"परसात उन्हानं जळंल ते, अण्णा."

"जळू दे. मारायचं न्हाई आन् सोप्यात ठेवायचंबी न्हाई. ह्यात अवघड काय हाय?"

बाहेरच्या माणसाला सांगायला हवं की पर्व म्हणजे आमचे भाद्रपदातले दहा दिवस. वर्षभरात नकळत जी हिंसा झाली तिची माफी मागायचे दिवस. त्या दिवसांत तर पाऊल टाकतानाही बघून टाकायचं. अण्णांचं चुकत नव्हतं. पण त्या घरात माझ्या हातून न फुटलेली, उलट वाढलेली, अशी ती एकच गोष्ट होती. ती गेली असती तर मी पुन्हा फोडकी राजी.

मी स्टूल घेऊन झाडासमोर बसले. काम टाकून दोन दिवस नुसती बघत बसले, म्हणून शिव्याही खाल्ल्या. बघता बघता ध्यानात आलं की झाडावर फक्त पांढरे किडे नाहीत, मुंग्याही आहेत. एक रांग वर जाते, एक खाली येते. मुंगी किड्याजवळ जायची, मिशीनं त्याच्या पाठीवर थापटायची, आणि किडा मागून एक थेंब सोडायचा. तो पिऊन मुंगी पुढच्याकडं. गवळी म्हशीची धार काढतो तसं. एका मुंगीनं तर पिलू तोंडात धरून वरच्या कोवळ्या पानावर नेऊन ठेवलं. मुंग्या त्यांना राखत होत्या. आणि रांग कुठून येत होती? उंबऱ्याकडून. आत्तीच्या साखरेपासून.

आत्तीला जाऊन हे सांगणं म्हणजे काय, ते आमच्या घरात राहिलेल्यालाच कळेल. सकाळी ती मूठ टाकून उठत होती, तेव्हाच मी गेले.

"आत्ती, तुमची साखर हितनं हलवा."

"कुठं हलवू?"

"परसात. ह्या मुंग्या झाडावर चढून किडा राखाल्यात."

आत्तीनं माझ्याकडं बघितलं. आत आईच्या हातातली पळी थांबल्याचं मला ऐकू आलं.

"म्हणजे माझ्या पुण्यानं तुझं झाड मराय लागलंय म्हणतीस?"

"तसंच की."

"बारा वर्सं हितं टाकतोय मी. चार बुकं शिकून तू मला जागा दाखवतीस?"

"पुण्य परसातबी मिळतंय, आत्ती. तिथं मुंग्या न्हाईत व्हय?"

मला वाटलं आता थोबाडीत बसणार. आत्ती पीठसाखरेचा वाडगा उचलून तशीच परसात गेली. दुसऱ्या दिवशी तिनं मूठ आडाजवळ टाकली. मी घरभर मान वर करून फिरले. आणि झाडावरच्या मुंग्या एकानंही कमी झाल्या नाहीत. उंबऱ्याकडची रांग गेली, पण हंड्याजवळच्या भिंतीतून दुसरी आली. तिसऱ्या दिवशीही तेच. आत्ती रोज परसातून आली की झाडाजवळ उभी राहायची, बघायची, जायची. तिसऱ्या दिवशी ती चष्मा लावून आली. रांगेवर बोट ठेवत ठेवत वर गेली. रांग पानांवर जाण्याआधी काठीवर थांबत होती. किलतानावर मुंग्यांचा नुसता बुजबुजाट. आत्तीनं किलतानाचा एक सुटा धागा ओढून तोडला, त्यावरच्या मुंग्या फुंकरीनं उतरवल्या आणि धागा माझ्यापुढं धरला.

"चाटून बघ."

मी चाटला. गूळ.

ज्या पोत्यात रवा फुटून पाझरला होता त्याच पोत्याचं किलतान मी आणलं होतं. वर रोज पाणी शिंपडून गुळाचं पाणी थेंब थेंब खोडावर सोडत होते. गुळाच्या अडतीतली पोर, गुळाच्या वासात जन्मलेली. मला तो वास आलाच नाही. आम्हाला कुणालाच आला नाही. मासे पाण्याला ओलं म्हणतात काय?

"माझं पुण्य परसात," आत्ती म्हणाली, "आन् तुझं पाप सोप्यात. कसं?"

ती आत गेली. मला वाटलं अण्णांना सांगायला गेली. ती देवघराच्या कोनाड्यातून पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली पिच्छी घेऊन आली. आमच्या मुनींच्या हातात मोरपिसांची पिच्छी असते, बसायच्या आधी जागा हळू झाडून घ्यायला, खाली कुणी जीव असेल तर तो दुखावू नये म्हणून. वर्षानं ते नवी घेतात आणि जुनी एखाद्या नेम करणाऱ्याला देतात. आत्तीला मिळाली होती. तिला घरात कुणी हात लावायचा नाही. आत्तीनं त्यातलं एक पीस उपसलं आणि मला दिलं.

"त्याच कामाची हाय ही. पण एकच. मोडलंस तर दुसरं न्हाई."

पाच दिवस उरले होते. पहिल्यांदा किलतान काढलं. मुळं त्याच्यात शिरलेली, त्यामुळं ती तटातट तुटली. आईनं झाड धरलं, मी सोडवत गेले. किलतान मुंग्यांसकट परसात नेऊन ठेवलं. काठीला नारळाचा काथ्या गुंडाळला आणि चौरंगाच्या पायांभोवती आत्तीनं हळदीची रेघ ओढली, मुंगी हळद ओलांडत नाही म्हणून. मग मी पिसानं किडे उतरवायला बसले. खाली पितळी तबक धरायचं, पिसाच्या टोकानं अलगद सारायचं, तबकात पाच-पंचवीस झाले की परसातल्या जास्वंदीवर नेऊन सोडायचं. पिल्लं भराभर सुटायची. पण मोठे किडे सोंड पानात रुतवून बसलेले. ओढले तर सोंड तुटणार. मी हात थांबवला. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एक पान अर्धं झालं.

पिवळं पडलेलं एक पान गळून चौरंगावर पडलं होतं. दुसऱ्या दिवशी बघते तर त्यावर एकही किडा नाही. पान सुकायला लागलं तसे ते आपल्या पायांनी उठून गेले होते. तेव्हा मला उपाय सापडला, आणि तो सापडला नसता तर बरं असंही क्षणभर वाटलं. ज्या पानांवर मोठे किडे होते ती पानं कापून जास्वंदीवर ठेवायची. पान सुकेल, किडे चालत जास्वंदीवर जातील, कुणी मरणार नाही. आणि अशी पानं आठांतली सहा होती. सुपाएवढी, भोकाची, ज्यांच्यासाठी लोक येत होते ती.

मी विळा मागितला. आई म्हणाली, "एवढी सगळी? राहू दे गं, परसात ठेवू, जगलं तर जगंल." मी एक एक देठ बुडाशी धरून कापला. रडले बिडले नाही. सहा पानं जास्वंदीवर पसरली तेव्हा ते झुडूप लग्नाच्या मांडवासारखं दिसत होतं. तिसऱ्या दिवशी पानं मलूल झाली आणि त्यांच्यावर कुणी राहिलं नव्हतं. जास्वंदीचं पुढं काय झालं ते विचारू नका. सगळ्यांना वाचवता येत नाही.

पंचमीच्या आदल्या दिवशी, दुपारची जेवणं झाल्यावर, अण्णा चष्मा पुसून झाडासमोर बसले. हंड्यात एक उंच काठी, तिला धरून एक हिरवं खोड, त्यावर कापल्याचे वण, वर दोन पानं आणि एक सुरळी. अण्णांनी पान उलटं करून बघितलं, शिरेशिरेवरून बोट फिरवलं, बेचक्यात डोकावले. सुरळीच्या टोकात फुंकर मारली. भूपालदादा मागं उभा होता, तोही हसत नव्हता.

"किती मेले?" अण्णांनी विचारलं.

"एक," मी म्हणाले. "तुम्ही सांगायच्या आधी. नखानं मारला, बघायला."

कुणी विचारलं नसतं तर मी सांगितलं नसतं. विचारलं म्हणून सांगितलं. आई आत निघून गेली. अण्णा आत्तीकडं बघायला लागले, कारण असल्या बाबतीत निवाडा तिचा.

"उद्या एकाशन कर," आत्ती म्हणाली. म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं. "आन् नखं काप ती."

अण्णा उठले. मला वाटलं हमालाला हाक मारतील. त्यांनी स्वतः हंडा दोन्ही हातांनी धरला, चौरंगावर थोडा फिरवला, राहिलेली दोन पानं दाराकडं तोंड करून येतील असा, आणि जाऊन गादीवर बसले.

पर्वाला पाहुणे आले. अण्णांचे चुलतभाऊ निपाणीकडून आले, त्यांना आम्ही बाबूकाका म्हणायचो. बोलता बोलता कन्नड, बोलता बोलता मराठी. मागच्या पर्वाला त्यांनी पानांनी भरलेलं झाड बघितलं होतं. सोप्यात पाय टाकल्या टाकल्या म्हणाले, "अण्णा, हे काय, काठीची पूजा मांडलीया?" सगळे हसले. अण्णांनी नुसतं "बसा" म्हटलं. मी पाण्याचे तांबे दिले. एकही पाडला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी पूजेहून परत आलो तेव्हा सुरळी सुटली होती. पान अजून ओलसर, पोपटी, मऊ. कडा एकमेकींना चिकटलेल्या, त्या दुपारपर्यंत एक एक करून सुटत गेल्या. दोन्ही बाजूंना भोकांच्या दोन दोन ओळी. आधीच्या कुठल्याच पानाला दोन ओळी नव्हत्या. त्या दिवशी घरात बारा-पंधरा पाहुणे होते आणि सगळे जेवायचे थांबून सोप्यात उभे होते. आत्ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "सहा पानं दिली तिनं, पर किडा मारला न्हाई. एक सोडून." ते 'एक सोडून' ती दर वेळी म्हणायची. खोटं तिला चालत नसे, आणि ते वगळून तिनं माझं कौतुक केलं असतं तर मला ते खरं वाटलं नसतं.

बाबूकाका निघाले तेव्हा पिशवी हातात घेऊन झाडाजवळ थांबले. पान मागून पुढून बघितलं. मग अण्णांना म्हणाले, "अण्णा, ह्याची एक फांदी मला दे. आमच्या पडवीत लावतो."

अण्णा वहाणा घालत होते. वर न बघता म्हणाले, "झाड तिचं हाय. तिला विचार."

सोप्यातले सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"आत्ता न्हाई मिळणार, काका. त्याला तीनच पानं हायत. पुढच्या पर्वाला या, तवर फुटवा येईल."

काकांना वाटलं पोर लाडात येऊन बोलतीय. ते हसून अण्णांकडं बघत राहिले, आता तरी हो म्हणतील म्हणून.

"माझ्याकडं काय बघतोस?" अण्णा म्हणाले. "न्हाई म्हटली की ती."